हा काय अवतार! व्हर्च्युअल जगात आपलं शरीर नीट दिसत नसेल तर काय करायचं

तासभर खपून कपडे निवडले, केस बदलले, गळ्यात नवा हार घातला आणि कार्यक्रमाला पोहोचले. पाच मिनिटांत दोघांचे मेसेज आले. एकीने विचारलं, ‘अगं, तू अशी जांभळी का दिसतेस?’ दुसऱ्याला तर माझी नुसती बाह्यरेषाच दिसत होती. माझ्या स्क्रीनवर मी अगदी छान होते. तरी घाबरून मी कॅशे साफ केला, व्ह्यूअर (ते जग दाखवणारा संगणकावरचा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकला, राउटर बंद करून चालू केला. परत गेले तर कार्यक्रम संपत आला होता आणि मी जांभळी ती जांभळीच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. कारण काय निघालं ते पुढे येईलच. त्या संध्याकाळी मी स्वतःला एक सवय लावून घेतली: अवतार, म्हणजे त्या जगातलं आपलं शरीर, बिघडला की कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी ‘हे कुणाकुणाला दिसतंय?’ एवढं विचारायचं.

हा लेख मुख्यतः सेकंड लाइफला धरून लिहिला आहे. लिंडेन लॅबने हे जग २००३ साली लोकांसाठी खुलं केलं. त्याच धाटणीच्या ओपनसिम ग्रिडवर, म्हणजे इतरांनी चालवलेल्या तशाच जगांत, वावरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मेनूंची नावं अधिकृत व्ह्यूअर आणि फायरस्टॉर्म हा इतरांनी बनवलेला व्ह्यूअर या दोन्हींतली दिली आहेत, पण आवृत्तीनुसार ती थोडी इकडेतिकडे सरकतात.

शरीर कुठे तयार होतं

तुमचा अवतार तयार स्वरूपात एका जागी ठेवलेला नसतो. तुम्ही काय घातलंय याची यादी इन्व्हेंटरीतल्या, म्हणजे तुमच्या सगळ्या वस्तूंच्या साठ्यातल्या, ‘करंट आउटफिट’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. तिथे मूळ वस्तू नसतात, वस्तूंकडे बोट दाखवणाऱ्या लिंका असतात. त्वचा, टॅटू, अंगाला चिकटलेले जुन्या पद्धतीचे कपडे असे थर एकावर एक रचून सर्व्हर त्यांचं एक सपाट चित्र बनवतो. याला बेकिंग म्हणतात. २०१३ पर्यंत हे काम प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर व्हायचं आणि तयार चित्र वर पाठवलं जायचं. त्या वर्षी ते सर्व्हरकडे गेलं. ओपनसिमच्या बहुतेक ग्रिडवर मात्र बेकिंग अजूनही आपल्याच मशीनवर होतं, म्हणून तिथे ‘रीबेक’ (पुन्हा बेकिंग) या उपायाला जास्त वजन आहे.

केस, बूट, मेश शरीर (मूळ शरीरावर चढवलेलं वेगळं त्रिमितीय शरीर), दागिने या अटॅचमेंट, म्हणजे अंगाला जोडलेल्या वस्तू, असतात. त्यांचा आकार वेगळा डाउनलोड होतो, पोत म्हणजे टेक्श्चर वेगळं येतं. हे सगळं गोळा करून तुम्हाला रेखाटतो तो बघणाऱ्याचा व्ह्यूअर. खोलीत वीस जण असतील तर तुमची वीस चित्रं वीस मशीनवर, वीस वेगवेगळ्या सेटिंग्जनी काढली जातात. त्यामुळेच ‘मला तर बरोबर दिसतंय’ या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

पहिली पायरी: कुणाला दिसतंय?

जवळ उभ्या असलेल्या दोघांना तरी विचारा. एकाला विचारून भागत नाही, कारण बिघाड त्या एकाच्याच मशीनमध्ये असू शकतो. शक्य असेल तर त्यांना फोटो काढून पाठवायला सांगा. ‘विचित्र दिसतोयस’ या वर्णनात करड्या त्वचेपासून गायब मुंडक्यापर्यंत काहीही येतं.

बिघाड फक्त तुम्हालाच दिसत असेल, तर दोष तुमच्या मशीनमध्ये, नेटमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. कपडे काढत-घालत बसू नका.

बाकी सगळ्यांना दिसतोय आणि तुम्हाला नाही, असं असेल तर बहुधा तुम्ही घातलेली एखादी वस्तू त्यांच्या व्ह्यूअरला झेपत नाही किंवा कळत नाही. तुमचा कॅशे इथे पूर्ण निर्दोष आहे.

सगळ्यांनाच, तुमच्यासकट, दिसत असेल तर गडबड आउटफिटमध्ये किंवा सर्व्हरकडे आहे. आउटफिटला हात लावण्याआधी ग्रिडच्या स्टेटस पानावर एक नजर टाका. देखभालीचं काम चालू असताना अर्धं जग ढगात असतं, म्हणजे शरीराच्या जागी नुसता धूर दिसतो, आणि तेव्हा केलेल्या दुरुस्त्यांनी चांगला आउटफिटही बिघडतो.

एखाद्या एकट्याच माणसाला तुम्ही वेडेवाकडे दिसत असाल, तर तो त्याचा प्रश्न आहे. त्याला हा लेख पाठवा.

आधीच करून ठेवायच्या दोन गोष्टी

एक, मेनू. दुरुस्तीची बरीच साधनं ‘अॅडव्हान्स्ड’ आणि ‘डेव्हलप’ या लपलेल्या मेनूंमध्ये असतात. कंट्रोल+ऑल्ट+डी दाबलं की पहिला उघडतो, कंट्रोल+ऑल्ट+क्यू दाबलं की दुसरा. डेव्हलपमध्ये दिसेल ते दाबून बघण्याचा मोह टाळा. नेमकं जे सांगितलंय तेवढंच दाबा.

दोन, तात्पुरतं शरीर. शेप (शरीराची ठेवण), त्वचा, डोळे आणि हेअर बेस (मूळ केस) या चार ‘बॉडी पार्ट’शिवाय अवतार उभाच राहत नाही. मेश डोकं आणि मेश केस वापरत असलात तरी आतून हे चारही लागतात, फक्त हेअर बेस टकलाचा चालतो. तर हे चार आणि अंगभर साधे कपडे, एकही अटॅचमेंट नाही, असा एक आउटफिट करून ‘साधा’ अशा नावाने सेव्ह करून ठेवा. अवतार ठीक असतानाच करा. ढगात अडकल्यावर इन्व्हेंटरीत शेप शोधत बसणं म्हणजे अंधारात चष्मा शोधण्यासारखं आहे.

ढग झालाय

सर्वांत जास्त विचारला जाणारा बिघाड. शरीराच्या जागी पांढुरका धूर फिरतोय, वर नाव तरंगतंय. याचा अर्थ तुमचं शेप आणि बेक केलेलं चित्र अजून पोहोचलेलं नाही. खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा आणि प्रत्येकीनंतर मिनिटभर थांबा. थांबणं हा यातला सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

१. लॉगिननंतर इन्व्हेंटरी पूर्ण उतरू द्या. इन्व्हेंटरीची खिडकी उघडली की वर वस्तूंचा आकडा वाढताना दिसतो. शोधाच्या चौकटीत एखादं अक्षर टाइप केलं की उरलेलं लवकर येतं. आकडा थांबेपर्यंत कपड्यांना हात लावू नका. अर्धवट यादी हातात असताना आउटफिट बदलला तर व्ह्यूअरला निम्म्या वस्तू सापडतच नाहीत.

२. कंट्रोल+ऑल्ट+आर. हा रीबेक. फायरस्टॉर्ममध्ये तो ‘अवतार’ मेनूतल्या ‘अवतार हेल्थ’खालीही आहे. एकदाच दाबा. दर पाच सेकंदांनी दाबलं तर प्रत्येक वेळी नवी मागणी रांगेत जाते आणि काम लांबतं.

३. अंगावरची एक छोटी गोष्ट बदला. मोजा काढा, टॅटूचा थर घाला, काहीही. तुमच्या व्ह्यूअरकडची यादी आणि सर्व्हरकडची यादी यांचे आवृत्ती क्रमांक जुळले नाहीत की सर्व्हर चित्र बनवायचं थांबवतो. एक वस्तू बदलली की यादी नव्याने पाठवली जाते आणि बऱ्याचदा तेवढ्याने ढग विरतो.

४. विरळ वस्तीच्या, शांत रीजनमध्ये (जगाच्या एका तुकड्यात) जाऊन लॉगिन करा. लॉगिनच्या पडद्यावर जागेचं नाव देता येतं. गर्दीच्या क्लबात शरीर उतरवायला नेटही कमी पडतं आणि संगणकही.

५. आता तयार शरीर घाला. इन्व्हेंटरीत खाली ‘लायब्ररी’ असते, त्यात ‘क्लोदिंग’, त्यात ‘इनिशियल आउटफिट्स’. एखाद्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘रिप्लेस करंट आउटफिट’ निवडा. नको असलेलं सगळं उतरून पूर्ण नवं शरीर अंगावर येतं.

६. त्यानेही झालं नाही तर डेव्हलप मेनूत ‘अवतार’, मग ‘कॅरेक्टर टेस्ट्स’, मग ‘टेस्ट फीमेल’ किंवा ‘टेस्ट मेल’. ही चाचणीची शरीरं आहेत. दिसायला अगदीच बेतास बात, पण ढगातून बाहेर काढतात.

७. इथपर्यंत येऊनही ढगच असेल, तर करंट आउटफिट फोल्डर उघडून बघा. तुटलेल्या लिंका असतील तर त्या काढून टाका. त्या फक्त लिंका आहेत, मूळ वस्तू जात नाही. मग इन्व्हेंटरीत ‘बॉडी पार्ट्स’ फोल्डरवर उजवं क्लिक करून नवं शेप, नवी त्वचा, नवे केस, नवे डोळे असे चार भाग बनवा आणि चारही एकत्र निवडून घाला. अगदी हट्टी ढगही बहुधा इथे हार मानतो.

शरीर दिसायला लागल्यावर लगेच आधीचा जड आउटफिट घालू नका. आधी ‘साधा’, मग रीबेक, मग एकेक वस्तू. ज्या वस्तूला ढग परत येईल ती दोषी.

करडं, धूसर किंवा अर्धवट

शरीराचा आकार आला आणि रंग आला नाही, तर तुम्ही मातीच्या पुतळ्यासारखे करडे दिसता. हे फक्त टेक्श्चरचं दुखणं आहे आणि दहातल्या नऊ वेळा बघणाऱ्याच्या बाजूचं. फायरस्टॉर्ममध्ये अवतारावर किंवा वस्तूवर उजवं क्लिक करून ‘टेक्श्चर रिफ्रेश’ म्हणता येतं. दुसऱ्याला तुम्ही करडे दिसत असाल तर हे त्याने करायचं आहे, तुम्ही नाही.

केस किंवा बूट कागदाच्या बोळ्यासारखे चुरगळलेले दिसत असतील तर व्ह्यूअर त्या वस्तूचा दुरून बघायचा, कमी तपशिलाचा नमुना दाखवतोय. वस्तूवर उजवं क्लिक करून ‘एडिट’ उघडलं आणि बंद केलं तरी कधीकधी पूर्ण आकार येतो. नेहमीच असं होत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मेश वस्तूंच्या तपशिलाचा स्लायडर थोडा वर न्या. थोडाच. तो टोकाला नेऊन मग ‘सगळं अडकतंय’ म्हणणारे बरेच भेटतात.

आता कॅशेबद्दल. ‘कॅशे साफ कर’ हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो ऐकून मला डोकेदुखी होते. कॅशे म्हणजे आधीच उतरवलेल्या आकारांचा आणि टेक्श्चरचा साठा. तो फेकला की सगळं पुन्हा नेटवरून यायला लागतं, म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्या नेटवर आणखी ओझं. करडेपणा वाढतो. एकाच खुणेवर कॅशे साफ करावा: तीच ती वस्तू दर लॉगिनला फक्त तुम्हालाच इंद्रधनुषी रेघोट्यांची किंवा फाटलेल्या चित्रासारखी दिसते. तिथे साठवलेली फाइलच खराब झालेली असते. इन्व्हेंटरीचा कॅशे वेगळा असतो. वस्तू गहाळ दिसत असतील तर फायरस्टॉर्ममध्ये फक्त तोच साफ करायची सोय आहे.

‘रूथ’ झालीय

कधीकधी आपण एकदम कुणी दुसरीच व्यक्ती दिसायला लागतो: मूळ, सर्वसाधारण, बाईच्या बांध्याचं शरीर. जुनी मंडळी याला ‘रूथ होणं’ म्हणतात. मूळच्या डिफॉल्ट अवताराचं नाव रूथ, त्यावरून. दाढीवाला पुरुष अचानक रूथच्या बांध्यात आला की सगळा क्लब हसतो, पण कारण किरकोळ असतं. तुमचं शेप पोहोचलेलं नाही, म्हणून व्ह्यूअरने डिफॉल्ट वापरलंय. ढगाच्या पायऱ्यांतल्या पहिल्या तीन इथे पुरतात. आता हा प्रकार कमी दिसतो, शेप येईपर्यंत ढगच दाखवला जातो. ओपनसिमवर मात्र रूथ अजून भेटते.

हात लांब, मान आत, चेहरा वाकडा

छोट्या प्राण्याचा किंवा राक्षसाचा अवतार काढून माणसात परत आलात आणि खांदे कानांना टेकलेत. कारण हाडांत आहे. अवताराला सांगाडा असतो. डिसेंबर २०१६ मध्ये ‘बेंटो’ नावाने त्यात बोटं, चेहरा, पंख, शेपटी यांची हाडं वाढवली गेली. काही मेश वस्तू घातल्यावर ही हाडं आपल्या सोयीने सरकवतात, आणि वस्तू उतरवली तरी हाडं तिथेच राहून जातात.

उपाय: अवतारावर उजवं क्लिक करून ‘रीसेट स्केलेटन’. अंगही वाकडं चालत असेल तर ‘रीसेट स्केलेटन अँड अॅनिमेशन्स’. हे ज्याच्या त्याच्या स्क्रीनपुरतं असतं, म्हणजे मैत्रिणीला तुमची मान आत गेलेली दिसत असेल तर तिने तुमच्यावर क्लिक करून हे करायचं. त्याने भागलं नाही तर फायरस्टॉर्मच्या ‘अवतार हेल्थ’मध्ये ‘अनडिफॉर्म अवतार’ आहे.

चेहरा पुन्हा पुन्हा वाकडा होत असेल तर दोन गोष्टी तपासा. अंगावर दोन मेश डोकी तर नाहीत ना? ऐकायला विनोदी वाटतं, पण एक पारदर्शक करून ठेवलेलं असतं आणि आपण विसरतो. कंट्रोल+ऑल्ट+टी दाबलं की पारदर्शक वस्तू लाल रंगात उजळतात आणि चोर सापडतो. दुसरं म्हणजे अॅनिमेशन. एका डोक्यासाठी बनवलेले हावभाव दुसऱ्या डोक्यावर चालवले तर जबडा भलतीकडे जातो. ‘स्टॉप अॅनिमेटिंग’ करून अॅनिमेशन ओव्हररायडर, म्हणजे एओ (अवताराच्या नेहमीच्या हालचाली बदलणारं साधन), बंद ठेवा आणि बघा.

जमिनीत गुडघ्यापर्यंत रुतलाय किंवा वीतभर वर तरंगताय? त्यात बिघाड काही नाही. उजवं क्लिक, ‘हॉवर हाइट’, स्लायडर सरकवा, झालं.

पाय कुठे गेले?

घोट्यापासून खाली काहीच नाही, पँट हवेत चालतेय. असा प्रश्न आला की मी एकच विचारते: काल बूट घातले होते का?

उंच बूट घातले की आतला पाय बुटातून बाहेर डोकावू नये म्हणून बुटांसोबत एक अल्फा थर मिळतो. तो पायाचा तेवढा भाग अदृश्य करतो. बूट काढताना आपण बूट काढतो, अल्फा राहून जातो, कारण तो अंगावर दिसतच नाही. अपिअरन्सच्या खिडकीत किंवा इन्व्हेंटरीच्या ‘वर्न’ टॅबमध्ये अंगावरच्या वस्तूंची यादी उघडा आणि ‘अल्फा’ शब्द शोधा. एकदा एका परिचिताला पाऊण तास पाय सापडत नव्हते. यादी वाचून दाखवायला सांगितली, तर एकावर एक चार अल्फा निघाले. चार वेगवेगळ्या बुटांचे. त्यातले दोन बूट त्याने कधीच टाकून दिले होते.

यादीत अल्फा नसेल तर मेश शरीराच्या हडकडे वळा. हड म्हणजे स्क्रीनवर येणारा तो नियंत्रणाचा पट्टा. त्यात शरीराचे तुकडे लपवायची-दाखवायची बटणं असतात, आणि काही कपडे अंगावर येताच स्वतःच स्क्रिप्टने तुकडे लपवतात. सगळे तुकडे दिसतील अशी स्थिती करा. इथे एक गोम आहे: ज्या जमिनीवर स्क्रिप्ट बंद आहेत तिथे हड मुकाट बसतो. दहा वेळा बटण दाबूनही काही होत नसेल तर शरीराला शिव्या घालण्याआधी स्क्रिप्ट चालणाऱ्या जागी जाऊन पुन्हा दाबा.

कानातले घातले आणि केस गेले

हे बिघाडात मोडत नाही, पण नवख्यांना सगळ्यात जास्त हेच छळतं. प्रत्येक अटॅचमेंट शरीरावरच्या एका ठरलेल्या जागेला लागते. ‘वेअर’ म्हटलं की त्या जागी आधी असलेली वस्तू उतरते आणि नवी लागते. केस आणि कानातले दोन्ही बनवणाऱ्यांनी ‘स्कल’ हीच जागा ठरवली असेल, तर एक आलं की दुसरं गेलं. ‘वेअर’ऐवजी ‘अॅड’ वापरा. एका वेळी एकूण ३८ अटॅचमेंट लावता येतात. यादी भरली तरी नवी वस्तू अंगावर येत नाही, आणि जुने बंद पडलेले हड या मोजणीत गुपचूप बसलेले असतात.

आणखी एक प्रकार म्हणजे ‘भूत’ अटॅचमेंट. इन्व्हेंटरी म्हणते घातलंय, अंगावर मात्र काही नाही. टेलिपोर्टनंतर किंवा वाहनातून रीजनची हद्द ओलांडल्यावर हे होतं. काढा, काही सेकंद थांबा, पुन्हा ‘अॅड’ करा. दोनदा करूनही जमलं नाही तर लॉगआउट करून परत या.

जांभळी मी, आणि तो हार

आता त्या संध्याकाळकडे वळू. २०१६ पासून प्रत्येक व्ह्यूअरमध्ये अवताराच्या गुंतागुंतीची मर्यादा असते. ती ओलांडणारा अवतार पूर्ण न रेखाटता एकरंगी, सपाट आकृती म्हणून दाखवला जातो. याला जेलीडॉल म्हणतात. मर्यादा प्रत्येकाने आपापल्या संगणकाच्या ताकदीप्रमाणे ठरवलेली असते, आणि स्वतःचा अवतार मात्र व्ह्यूअर स्वतःला कायम पूर्णच दाखवतो. म्हणून मला मी छान दिसत होते.

माझ्या नव्या हारातला एकेक मणी वेगळा कोरलेला होता, मण्याला आतून भोकसुद्धा होतं. कुणालाही कधी न दिसणारं. एका हाराचं वजन बाकी सगळ्या कपड्यांच्या बेरजेहून जास्त भरलं.

कुठली वस्तू जड आहे ते शोधण्यासाठी आताच्या व्ह्यूअरमध्ये ग्राफिक्सचा वेग सुधारायची जी खिडकी आहे, तिच्यात आपल्या अटॅचमेंटची यादी वजनानुसार लागते. आउटफिट बदलल्यावर कोपऱ्यात येणारी ‘तुमची गुंतागुंत इतकी’ ही सूचना बंद करू नका, जवळपासच्या काही जणांना तुम्ही दिसणार नाही असंही ती सांगते. कपड्यांवर संशय घेण्याआधी केस आणि दागिने बघा. माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

उलट बाजूने, दुसरे तुम्हाला जेलीडॉल दिसत असतील तर ग्राफिक्स सेटिंगमधली मर्यादा वाढवा, किंवा त्या एका माणसावर उजवं क्लिक करून त्याला नेहमी पूर्ण दाखवायला सांगा. मी दुसरा मार्ग घेते. सगळ्या क्लबाचे मणी रेखाटायची माझ्या संगणकाला हौस नाही. लांबचे लोक पुठ्ठ्याच्या कटआउटसारखे, अडखळत हलताना दिसत असतील तर तो इम्पोस्टरचा प्रकार आहे. पूर्ण रेखाटायच्या अवतारांची संख्या वाढवली की तो जातो.

त्वचा बदलते, पण शरीरावर दिसत नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘बेक्स ऑन मेश’ आलं. त्याआधी मेश शरीरावर त्वचा चढवायला अॅप्लायर नावाचं वेगळं साधन लागायचं. आता सर्व्हरने बेक केलेलं चित्र सरळ मेशवर येतं. नवी त्वचा घातली, डोक्यावर दिसली आणि धडावर जुनीच राहिली, तर धड अजून अॅप्लायरच्या पद्धतीवर आहे. शरीराच्या हडमध्ये ‘बीओएम’ (बेक्स ऑन मेश) असं बटण असतं, ते दाबा. शरीर २०१९ च्या आधीचं असेल तर बनवणाऱ्याने नवी आवृत्ती काढली आहे का ते बघा.

मानेवर रेघ दिसते का? डोकं आणि धड दोन वेगवेगळ्या त्वचांवर असतील तर दिसणारच. दोन्ही बीओएमवर असूनही रेघ राहिली, तर दोन्हींच्या मटेरियलची चमक वेगळी आहे का ते पाहा. दुपारच्या उजेडात न दिसणारी रेघ संध्याकाळच्या तिरक्या उजेडात उठून दिसते.

डाव्या दंडावर घातलेला टॅटू उजव्यावरही उमटतो, अक्षरं उलटी. जुन्या शरीराच्या नकाशात दोन्ही हातांना एकच चित्र आरशासारखं वापरलं जातं, म्हणून असं होतं. ‘युनिव्हर्सल’ नावाच्या थरात डाव्या हातासाठी वेगळी जागा आहे. टॅटू त्या प्रकारचा हवा आणि तुमच्या मेश शरीरानेही ती जागा ओळखायला हवी. दोन्हींतलं एक नसेल तर सेटिंग करून काही साधणार नाही.

काहींनाच पांढरा दिसणारा झगा

तुम्हाला झग्यावर सुंदर मखमल दिसते, एका मित्राला सपाट पांढरं कापड. त्याला व्ह्यूअरची आवृत्ती विचारा. २०२३ च्या शेवटी पीबीआर मटेरियल, म्हणजे उजेडाला खऱ्यासारखा प्रतिसाद देणारे पृष्ठभाग, आली. त्याआधीच्या व्ह्यूअरना ती कळत नाहीत, ते जुन्या पद्धतीचं पर्यायी टेक्श्चर शोधतात. बनवणाऱ्याने ते दिलेलं नसेल तर कोरं कापड दिसतं. खरा उपाय त्याने व्ह्यूअर अद्ययावत करण्याचा. तोवर विकत घेताना जाहिरातीत ‘पीबीआर ओन्ली’ असं लिहिलंय का, तेवढं वाचत चला.

दोष आपल्याच मशीनमध्ये असेल तर

कंट्रोल+शिफ्ट+१ दाबा. आकड्यांचा पट्टा उघडेल. त्यातला ‘पॅकेट लॉस’ शून्य किंवा शून्याजवळ हवा. तो सतत दोन-चार टक्क्यांवर रेंगाळत असेल तर अवताराला सोडा आणि नेटकडे बघा. वायफायऐवजी केबल लावून तोच आकडा पुन्हा वाचा. फरक पडला तर उत्तर मिळालं. साधे राउटर एकाच वेळी उघडणाऱ्या शेकडो जोडण्यांनी गुदमरतात, म्हणून एक टेक्श्चर येतं, दुसरं येत नाही, पाच मिनिटांनी तिसरं येतं. फायरस्टॉर्ममधला बँडविड्थचा आकडा १५०० च्या वर नेऊन काही वेगवान होत नाही. नेट हळू असेल तर तो उलट खाली आणा.

अँटिव्हायरस व्ह्यूअरच्या कॅशेतली प्रत्येक फाइल तपासत बसतो. व्ह्यूअर आणि त्याचा कॅशे फोल्डर त्याच्या अपवादांच्या यादीत टाका. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर व्ह्यूअर कमकुवत चिपवर चालत नाही ना, ते ‘हेल्प’ मेनूतल्या ‘अबाउट’ खिडकीत दिसतं. ड्रायव्हर जुना असेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीकडूनच नवा घ्या.

व्ह्यूअर पूर्ण काढून पुन्हा टाकणं मी सगळ्यात शेवटी ठेवते. त्याआधी दुसऱ्या व्ह्यूअरने लॉगिन करून बघा. फायरस्टॉर्मवर असाल तर अधिकृत, अधिकृतवर असाल तर फायरस्टॉर्म. तिथेही तोच बिघाड असेल तर पहिला पुन्हा टाकून वेळ वाया गेला असता.

मदत मागताना

सगळं करून झालं आणि कुणाला तरी विचारायची वेळ आली, तर ‘माझा अवतार बिघडलाय’ एवढंच लिहू नका. त्याच ‘अबाउट’ खिडकीत सगळी माहिती एकदम कॉपी करायचं बटण आहे. त्यात व्ह्यूअरची आवृत्ती, ग्राफिक्स चिप, ड्रायव्हर, पॅकेट लॉस सगळं येतं. ते चिकटवा. खाली दोन ओळी लिहा: बिघाड कुणाकुणाला दिसतो आणि आधी काय बदललं होतं. तुमच्या स्क्रीनचा एक आणि दुसऱ्याच्या स्क्रीनचा एक असे दोन फोटो जोडा. आणि पाठवण्याआधी ‘वर्न’ टॅबमधली यादी स्वतःशीच मोठ्याने वाचा. चार अल्फा निघाले, तर संदेश पाठवायची गरज उरणार नाही.